अस्तराचं कापड

लेड झेपलिन हा रॉक बँड म्हटलं की जिमी पेजची गिटार आठवते, रॉबर्ट प्लांटचा आवाज आठवतो, बॉनमचे ड्रम्सही. आणि चौथा? बघा, अडलात ना! तेच माझं दुखणं आहे.

चौथा जॉन पॉल जोन्स, बेस गिटारवाला. जन्म 1946 चा, इंग्लंडमधला. वडील पियानो वाजवायचे. त्यांनी पोराला बजावलं, बेसच्या नादी लागू नकोस, दोन वर्षांत त्याला कुणी विचारणार नाही, सॅक्सोफोन शीक. पोरानं ऐकलं नाही.

ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी विचारतो, अस्तर कुठलं लावू? आपण म्हणतो, लाव कुठलंही, दिसतंय कुणाला! जाणता शिंपी ते मनावर घेत नाही. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवतो, वाळवतो, मग कात्री लावतो. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरच्या पैठणीला चुण्या पडतात. बेस म्हणजे हे अस्तर. जोन्सचं भिजणं-वाळणं बँड निघण्याआधीच, म्हणजे 1968 पूर्वीच झालेलं. लंडनच्या स्टुडिओंत रोज दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवायचं, वाद्यमेळ लिहायचा. रोलिंग स्टोन्सच्या 'शी इज अ रेनबो'तली व्हायोलिनं त्याचीच.

आणि लेड झेपलिनच्या 'ब्लॅक डॉग'ची ती पाय अडकवणारी चाल, पोरं पेजची म्हणून गिटारवर घोटतात ती, मुळात जोन्सची. इथे तर अस्तरावरूनच कापड बेतलंय!

1980 मध्ये बॉनम गेला, बँड मिटला. 1994 मध्ये पेज-प्लांट पुन्हा एकत्र आले, जोन्सला न विचारता. अल्बमचं नाव काय, तर 'नो क्वार्टर'. जोन्सच्या किबोर्डवर उभं असलेलं गाणं ते! पुढच्या वर्षी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या सत्कारात या अबोल माणसानं मित्रांचे आभार मानले, अखेर माझा फोन नंबर आठवला म्हणून. मला फार आवडलं ते.

त्याचं काही अडलं नाही हं. 1992 मध्ये आर. ई. एम. या बँडसाठी वाद्यमेळ लिहिला, साठी उलटल्यावर, 2009 मध्ये, डेव्ह ग्रोल आणि जॉश होमी यांच्याबरोबर नव्या बँडचा अल्बम काढला.

तर सांगते, बेसचा खालचा सूर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तो येतच नाही, हेडफोन लावा. वरची नक्षी दोन मिनिटं विसरा आणि खालचा... स्टुडिओच्या काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. एक राहिलंच. मंचावर दोन्ही हात किबोर्डवर असले की जोन्स बेस पायांनी वाजवायचा, पायपट्ट्या दाबून. लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेला, त्यामुळे पायांना... बरं, नमस्कार.