चिंध्यांची गोधडी

श्रोतेहो, शिंप्याकडची कातरणे टाकू नका. आपल्या अलिबाग-मुरूडकडे पावसाळ्यात कापसाची गादी दमट होते, लवकर वाळत नाही. पातळ गोधडी थोड्या उन्हातही वाळते.

रीत सोपी आहे. पट्ट्या सुतीच घ्या. नायलॉन घाम टिपत नाही. आधी धुवा, म्हणजे पुढे आटायच्या नाहीत. जुने नऊवारी लुगडे चौपदरी अंथरा. वर पट्ट्या कडा दुमडून मांडा, कच्चा टाका घाला आणि कडेकडून आत धावदोरा घालीत या.

शहरात बिऱ्हाड करताना आईची गोधडी मी जुनेर म्हणून देऊन टाकली. तीत वडिलांच्या सदऱ्याची एक पट्टी होती. त्यांची तेवढीच खूण घरात उरली होती, हे मागाहून कळले. गुरुजी, मुलांना हा टाका अवश्य शिकवा.