संगणकशास्त्राला हवी खरी उमेदवारी



‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. जुन्या मराठीत मात्र हा शब्द पेढीवर, कारखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत राहून काम शिकणाऱ्या तरुणासाठी वापरला जाई. संगणकशास्त्राचा विद्यार्थी ज्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतो, ती हीच उमेदवारी होय.

भारतातील संगणकविद्येचा आरंभही असाच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने ‘टिफ्रॅक’ हा संगणक घडविला. तो १९६० साली कार्यान्वित झाला. त्या गटातील बहुतेकांनी तोवर संगणक हाताळलेला नव्हता. यंत्र उभारता उभारताच ते ही विद्या शिकले. पुढे १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक सिद्ध झाला. त्यामागेही अनुभवी शास्त्रज्ञांच्या हाताखाली राबलेले तरुण अभियंतेच होते.

विद्यापीठीय शिक्षणात ही पद्धत रुजविण्याचे श्रेय पिलानीच्या बिर्ला संस्थेला द्यावे लागेल. तेथे १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालते. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि पुढे एक संपूर्ण सत्र विद्यार्थी उद्योगात घालवितो. महत्त्वाचे हे की, संस्थेचा अध्यापक तेथेही त्याच्या कामावर लक्ष ठेवतो आणि त्याचे मूल्यमापन करतो. शिष्याला उद्योगाच्या दारात सोडून गुरू परत फिरत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रात २०२३ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातच कार्यप्रशिक्षणाला ४ श्रेयांक देण्यात आले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस! एवढ्या अवधीत नवख्याला कार्यालयातील माणसांची नावे पाठ झाली तरी पुष्कळ. म्हणून या तासांकडे किमान मर्यादा म्हणून पाहावे आणि उन्हाळ्याची सुटी त्याला जोडावी.

नियम अनिवार्य झाला की पळवाटही निघते. शुल्क भरले की घरबसल्या प्रमाणपत्र देणारी दुकाने निघाली आहेत. दुर्दैवाने काही पालकच त्यांचे गिऱ्हाईक होतात. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘यातला कोणता भाग तू स्वतः लिहिलास?’ तेव्हा त्या कागदाचा काहीच उपयोग होत नाही. शुल्काची रक्कम बुडते ती वेगळीच, पण खोट्या कागदावर आयुष्याचा पहिला व्यवहार उभा राहतो, हे नुकसान अधिक मोठे आहे.

खरी उमेदवारी कशी असते? गावातील दूध संकलन केंद्राचे उदाहरण घ्यावे. पहाटे रांग लागलेली असते. प्रत्येकाच्या दुधाचे माप, फॅट आणि दर यांची नोंद होते. त्या नोंदींवर दर दहा दिवसांचे बिल निघते. नोंद अर्धी झाली असता वीज गेली तर काय? माप लिहिले गेले आणि रक्कम राहिली, तर शेतकऱ्याचे पैसे बुडाले. तीच नोंद पुन्हा केली, तर संस्थेचे. व्यवहार पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच न व्हावा, हे तत्त्व विद्यार्थ्याने ‘डेटाबेस’च्या पुस्तकात वाचलेले असते, परीक्षेत लिहिलेलेही असते. त्याचा अर्थ त्याला कळतो तो त्या रांगेसमोर. दुसऱ्याने लिहिलेला जुना प्रोग्राम वाचणे, त्यातील चूक कोठे आहे ते हुडकणे, वरिष्ठाने आपला कोड तीनदा परत केला तरी न चिडणे, ह्या गोष्टी वर्गात शिकविता येत नाहीत.

यात एक अडचण गंभीर आहे. मोठ्या कंपन्या हिंजवडीसारख्या ठिकाणी एकवटल्या आहेत. लातूर वा चंद्रपूरच्या मुलीने विद्यावेतनाशिवाय तेथे दोन महिने काढायचे, तर खोलीचे भाडे आणि खाणावळ कोणी भरायची? पुण्यात ज्याचे नातेवाईक आहेत त्यालाच संधी, असे होऊ लागले तर गुणवत्तेची भाषा पोकळ ठरेल. विनावेतन राबवून घेणाऱ्या उद्योगानेही याचा विचार केला पाहिजे.

उपाय जवळच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत साखर कारखाने, पतसंस्था, रुग्णालये, लघुउद्योग आहेत आणि त्यांतील अनेक कार्यकर्त्यांच्याच हाती आहेत. त्यांनी येत्या उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांना तरी घ्यावे. बसायला जागा, प्रवासखर्च भागेल एवढे मानधन, रोजच्या कामाची वही आणि आठवड्यातून एकदा ती वही वाचून प्रश्न विचारणारा एक जाणता माणूस, एवढी सिद्धता पुरेशी आहे. महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांची भेट मात्र परीक्षांपूर्वीच घ्यावी, कारण निकालानंतर मुले पांगतात.