घोड्याचा विश्वास
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुते सोडून आपल्या माळशिरसला येते, त्या वाटेवर पुरंदवड्याला गोल रिंगण होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व त्यात धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तो अश्व माउलींचा. टाळमृदंगांचा गजर, चहूकडे माणसेच माणसे, आणि पाठीवर कोणी नसताना तो जीव भरधाव धावतो! आपण हात जोडतो, ते योग्यच. पण त्यामागे माणसांची मेहनतही आहे. तिच्याविषयी आज चार शब्द सांगते.

घोडा मुळात भित्रा. पळणे हाच त्याचा बचाव. डोळे दोन बाजूंना असल्याने त्याला भोवतालचे पुष्कळ दिसते. परंतु अगदी पाठीमागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. म्हणून जाणता मोतद्दार खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जातो.

शिंगराला आधी अंगावरून फिरणाऱ्या हाताची सवय लावतात. मग खरारा, मग पाय उचलून देणे, मग लांब दोरावर गोल फिरणे. खोगीर पाठीवर ठेवण्याआधी त्याला हुंगू द्यावे. स्वार बसतो सर्वांत शेवटी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि तोही थोडा वेळ. कारण पाठीची हाडे पक्की व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. लगाम खेचल्यावर घोडा थांबला, की त्याच क्षणी हात सैल सोडावा. ते सैल सोडणे हेच त्याचे बक्षीस. झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकाने सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, की रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये.

चाबकानेही घोडा शिकतो, नाही असे नाही. पण चाबकापेक्षा मोठे भय समोर आले, की तो शिकवण विसरतो आणि गर्दीत उधळतो. मग स्वाराचा जीव जातो, नाहीतर कडेला उभ्या असलेल्या पोराचा.

अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक रंग पाहते, उंची पाहते, अंगावरचे भोवरे मोजते. घरच्या माणसांना एवढे सांगा, की घोड्यापुढे हात सहज वर करून पाहा. त्याने दचकून डोके मागे घेतले, तर त्याने मार खाल्लेला असण्याचा संभव आहे, हे ओळखावे.

आणखी दोन गोष्टी आपल्याच हातच्या आहेत. रिंगणात अश्वाला शिवण्यासाठी धावू नये. टापांखालची माती तो गेल्यावरही मिळते. आणि लग्नाच्या वरातीत घोड्याच्या पायाशी फटाके लावणाऱ्याला आपण बायकांनीच अडवावे. वर नवरदेव आपलाच असतो, आणि खालचा मुका जीव त्याला सांभाळून नेत असतो.