होतकरू की मुरलेला?

मंडळी, पेरणी तोंडावर आली असता गोऱ्हा देऊन राबता बैल घ्यावा काय? बर्फावरच्या हॉकीतही हाच सवाल पडतो. मार्च १९८८ मध्ये कॅनडातील कॅल्गरीच्या संघाने ब्रेट हल हा २३ वर्षांचा होतकरू गडी, आणखी एका खेळाडूसह, अमेरिकेतील सेंट लुईसला दिला. बदल्यात रॉब रामेज हा मुरलेला बचावपटू आणि रिक वॉम्स्ली हा गोलरक्षक घेतला. १९८९ साली कॅल्गरीने स्टॅन्ले कप जिंकला. तिकडे हलने १९९०-९१ च्या एकाच हंगामात ८६ गोल केले! मग कॅल्गरी फसली म्हणावे का? मला नाही तसे वाटत. गोऱ्हा गेला, पण पेरणी साधली. तेव्हा सौद्याआधी एवढेच पाहावे, आपली पेरणी खरोखर तोंडावर आहे ना? नसेल, तर गोऱ्हा दावणीलाच बरा.