जुन्या घरातील वाळवी : उपायापूर्वीचा विचार
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्यापैकी काही कुटुंबांची वाडवडिलांनी बांधलेली कौलारू घरे अंधेरी, बोरिवली, मुलुंड या भागांत अद्याप उभी आहेत. अशा घराच्या भिंतीवर मातीची एक रेघ दिसली की भावाभावांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "घर पोखरले, आता पाडूनच टाका." दुसरा म्हणतो, "थोडे रॉकेल शिंपडा म्हणजे झाले." हे दोन्ही निर्णय तुळई न तपासता घेतलेले असतात.

प्रथम ती रेघ पाहावी. जमिनीतील वाळवीस ओलावा लागतो, म्हणून ती मातीची झाकलेली वाट बांधीत लाकडापर्यंत येते. त्या वाटेचा लहानसा भाग मोडावा. काही दिवसांत तो पुन्हा बांधला गेला तर वाळवी जागी आहे असे समजावे. न बांधला गेला तरी ती गेलीच असे मानू नये, कारण ती दुसरी वाट धरू शकते. लाकडाखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडातच राहणारी जात होय. तिच्यासाठी जमिनीत औषध ओतणे व्यर्थ आहे.

नंतर लाकूड पाहावे. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक, चौकटीचा जमिनीलगतचा भाग व न्हाणीघराची भिंत यांकडे विशेष लक्ष द्यावे. लाकूड ठोकून आवाज ऐकावा, टोचा खुपसून पाहावा. जुन्या सागाचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाही. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र ती खाते. म्हणून वरची साल पोकळ लागली एवढ्यावरून तुळई गेली असे होत नाही. परंतु टोकच दबत असेल, तर औषधाआधी टेकू द्यावा आणि स्थापत्य अभियंत्यास बोलवावे.

औषधापूर्वी गळके कौल व पाझरणारा नळ दुरुस्त करावा. उभ्या इमारतींसाठी भारतीय मानक 6313 चा तिसरा भाग आहे. त्यात भिंत व जमीन यांच्या सांध्यालगत सुमारे 300 मिलिमीटर अंतरावर भोके पाडून औषध भरण्याची रीत सांगितली आहे. आवारात विहीर असल्यास ती कामगारांस आधीच दाखवावी. विष मातीतून पाण्यात उतरू शकते. माळ्यावर आल्ड्रिन वा डिल्ड्रिनचा जुना डबा सापडला, तर तो उघडूही नये. 2001 च्या स्टॉकहोम करारात ही दोन्ही विषे त्याज्य ठरविली आहेत.

घर ठेवावे की नव्याने बांधावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्या सोयीने सोडवावा. पण तो वाळवीच्या भीतीने सुटू नये. सर्व वाटेकऱ्यांनी एकत्र बसून तपासणीचा अहवाल वाचावा, खर्चाची वाटणी लिहून ठेवावी आणि दर पावसाळ्यानंतर घर पुन्हा पाहावे. वाळवी एका वाटेकऱ्याची खोली सोडून दुसऱ्याचीच खात नाही.