डोळे काय सांगतात?



आम्ही बँकेत चेक हाती घेतो तेव्हा सही दिसते, म्हणजे शाईच्या रेघा दिसतात. ती खरी की खोटी, हे रेघा सांगत नाहीत. नमुना सहीशी ताडून ते आम्ही ठरवतो. मग डोळा जगाविषयी स्वतः काही सांगतो, की वस्तू नुसती समोर आणून ठेवतो? चार्ल्स ट्रॅव्हिस या तत्त्वज्ञांनी २००४ साली एका निबंधात, इंद्रिये मुकी असतात, असे मत मांडले. लिंबू मेणाच्या लिंबासारखे दिसते आणि मेणाचे लिंबू खऱ्यासारखे. यांपैकी कोणते विधान डोळ्याने केले म्हणायचे?

आपल्या आचार्यांना हा प्रश्न नवा नव्हता. दिङ्नागांनी 'प्रमाणसमुच्चया'त प्रत्यक्ष हे कल्पनारहित मानले. कल्पना म्हणजे दिसलेल्याला नाव, जाती वगैरे जोडणे. डोळ्याला रंग मिळतो, 'ही गाय' हे मन म्हणते. म्हणून मृगजळाची चूक मनाची, डोळ्याची नव्हे.

धर्मकीर्तींना एवढे पुरेसे वाटले नाही. तिमिर रोग्याला दोन चंद्र दिसतात. चंद्र एकच हे पक्के ठाऊक असूनही दुसरा काही जात नाही. नावेत बसले की काठची झाडे पळतात, कोलीत गरगर फिरवले की आगीचे चक्र दिसते. इथे मनाला दोष देऊन सुटका नाही. म्हणून 'न्यायबिंदू'त त्यांनी प्रत्यक्षाच्या व्याख्येत 'अभ्रांत' हा शब्द घातला. आमच्या मते त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. बिघाड डोळ्यात असेल, पण 'चंद्र दोन आहेत' हा निवाडा मनाचाच.

हा वाद नुसता पंडिती नव्हता. संस्कृतात 'जाती' म्हणजे गाईतले गाईपण, आणि माणसाची जातही. वंश माहीत झाला की ब्राह्मणत्व डोळ्यांनी दिसते, असे कुमारिल भट्टांनी 'तंत्रवार्तिका'त म्हटले. बौद्ध नैयायिकांनी ते साफ नाकारले. धर्मकीर्तींनी तर जातीचा गर्व हे बुद्धिमांद्याचे एक लक्षण म्हणून नोंदवले. आम्ही विचारतो, जे कोणी सांगितल्यावाचून दिसत नाही, ते डोळ्याने पाहिले कसे?

विद्यार्थी मित्रहो, शहरात भाड्याची खोली बघायला जाल तेव्हा एवढे लक्षात घ्या. घरमालक तुम्हाला नखशिखान्त न्याहाळतो. उजेड भरपूर, चष्माही चांगला. तरी शेवटी त्याला विचारावेच लागते, "आडनाव काय म्हणालात?"