प्लस बॉडीला असलेली गाडी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

हिंगोलीत मला लोक ‘बॅटरीवाले’ म्हणून ओळखतात. दुकानावर ‘ऑटो इलेक्ट्रिकल वर्क्स’ अशी पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. ट्रॅक्टरचा सेल्फ लागेना, जीपचा हॉर्न वाजेना, हळदीची पोती घेऊन वसमतच्या बाजाराला निघालेल्या टेम्पोचे लाइट गेले, की माणसं माझ्याकडं येतात. आज मात्र मी एका मोटारीविषयी बोलणार आहे. ती माझ्या हातून जळाली आणि माझ्याच हातून पुन्हा उभी राहिली.

गाडीचं नाव स्टँडर्ड हेराल्ड. पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवत असेल. त्या काळी आपल्या रस्त्यांवर मोटारी म्हणजे अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड, एवढंच. अँबॅसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड आणि हेराल्ड म्हणजे तिथली ट्रायंफ हेराल्ड. १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. हिच्या चासीवरच, थोडी आखूड करून, इंग्रजांनी १९६२ साली ‘स्पिटफायर’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. दोन्ही गाड्यांचा नकाशा इटलीच्या मिकेलोत्ती यांनी काढलेला. त्यामुळं परदेशी मासिकात स्पिटफायरचं बॉनेट उचललेलं चित्र पाहिलं, की मला आमच्या वकीलसाहेबांच्या वाड्यातली गाडीच दिसते. तसंच मडगार्डासकट पुढं कलंडणारं बॉनेट आणि त्याच रंगांच्या वायरी.

मी उस्तादांकडं शिकत होतो तेव्हा ही गाडी पहिल्यांदा आमच्याकडं आली. बॅटरी चार्ज करून मी ती बसवायला घेतली. मायनसची केबल बॉडीला, हे हाताला पाठ झालेलं. मी पाना लावणार, तोच उस्तादांनी माझं मनगट धरलं. “रुक बेटा, ये गाडी उलटी है.”

त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. आपल्याला सवय मायनसची. उलटी बॅटरी लावली तरी बल्ब पेटतो, सेल्फही फिरतो, म्हणून चूक लवकर कळत नाही. पण डायनामोच्या लोखंडात आधीच्या दिशेचं थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. इंजिन चालू झालं की डायनामो एका दिशेनं, बॅटरी दुसऱ्या दिशेनं. मधल्या कटआउटचे पॉइंट मग चिकटून बसतात आणि वायर तापू लागते. डायनामो बदलला तर आधी त्याच्या दोन्ही वायरी काढून बॅटरीची जिवंत वायर त्याच्या लहान टर्मिनलला दोन-तीनदा टचकन लावायची, म्हणजे तो गाडीची दिशा धरतो. हे उस्तादांनी मला त्याच दिवशी दाखवलं. वर बॅटरीच्या पेटीवर तेलरंगानं मोठा ‘+’ काढायला लावला. तो अजून आहे.

पुढं उस्ताद गेले आणि दुकान मी पाहू लागलो. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. जिल्हा झाल्यामुळं रस्त्यावर साहेबलोकांच्या गाड्या वाढल्या होत्या आणि प्रत्येकाला प्रेशर हॉर्न हवा होता. वकीलसाहेब म्हणाले, “अरे, आमच्या म्हातारीचा आवाज बसलाय. ट्रकवाले ऐकतच नाहीत. तिला जरा घसा दे.”

मी घसा दिला. कसा दिला तेही सांगतो, कारण आजही शंभरातली पुष्कळ पोरं तसाच देतात. प्रेशर हॉर्नला करंट भरपूर लागतो. मी तो सरळ चॉकलेटी वायरीवरून घेतला. ब्रिटिश गाड्यांत चॉकलेटी म्हणजे बॅटरीची थेट वायर, चावी काढली तरी जिवंत. मध्ये फ्यूज टाकला नाही. फायरवॉलच्या भोकातून नवी वायर जाईना म्हणून तिथलं रबरी बुश काढून फेकलं. जोड सोल्डर न करता पिळला, वर टेप गुंडाळला. वायरही दुकानात हाताला लागली ती, बारीक. हॉर्न मात्र असा वाजला, की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. मला फार आनंद झाला.

महाशिवरात्रीला वकीलसाहेब आणि बाई दरवर्षी याच गाडीनं औंढ्या नागनाथाला जात. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेही हिच्यातूनच, असं बाई सांगत. त्या वर्षीही निघाले. औंढ्याच्या अलीकडं, जत्रेच्या गर्दीत गाडी हळू चाललेली असताना बाईंच्या पायाशी धूर निघाला. पत्र्याच्या धारेवर घासून वायरीचं वरचं आवरण कापलं गेलं होतं. उघडी तार बॉडीला टेकली. फ्यूज नाही, मग थांबवणार कोण? वायर लाल झाली आणि जिला ती बांधलेली होती तो सगळा वायरिंगचा जुडगा पेटला. साहेबांनी चावी काढली. चावीचा काय उपयोग, ती वायर चावीच्या अलीकडची. बॅटरीची पट्टी पान्याशिवाय निघेना. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं पक्कड आणून केबल ओढून काढली, बाकीच्यांनी माती टाकली. बाईंच्या लुगड्याचा काठ जळाला आणि पोटरीवर रुपयाएवढा डाग पडला. तेवढ्यावर निभावलं. मागच्या सीटवर नात होती, पाच वर्षांची. तिचं मी वेगळं काही सांगत नाही.

गाडी दोर लावून वाड्यात आणली. मला निरोप आला तेव्हा माझे पाय जड झाले होते. पैसे मागतील, पोलिसात देतील, काहीही होईल असं वाटत होतं. साहेब ओसरीवर बसले होते. जळलेला जुडगा त्यांनी परातीत काढून ठेवला होता. म्हणाले, “बघ. वाच हे आणि मला सांग कुठं चुकलं.” वकील माणूस, उलटतपासणीच घेतली. मी एकेक गोष्ट कबूल करत गेलो. बुश काढलं, फ्यूज नाही, जोड पिळला. सगळं ऐकून ते म्हणाले, “आता हे सगळं तूच नवं करायचं. दुसऱ्या कुणाकडं मी देणार नाही. घाई नाही.”

मला अडीच महिने लागले. दुकान बंद झाल्यावर रोज संध्याकाळी वाड्यात जायचो. ओसरीच्या फरशीवर खडूनं गाडीचा नकाशा काढला आणि जुना जुडगा त्यावर उलगडून ठेवला. पुढचा अर्धा कोळसा झाला होता, पण मागचा शाबूत होता, आणि ब्रिटिश वायरिंगची खुबी अशी की रंगावरून वाचता येतं. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, ती इग्निशनच्या कॉइलला जाते. हिरवी वायपर, पेट्रोलचा काटा, ब्रेकलाइट यांची. लाल मागच्या-पुढच्या लहान दिव्यांची, निळी हेडलाइटची. निळीवर पांढरी रेघ असली तर फुल, लाल रेघ असली तर डिपर. काळी म्हणजे अर्थ. एकदा हे डोक्यात बसलं की अंधारात बॅटरी धरूनही माणूस चुकत नाही. आमच्याकडं कामाला येणारी पोरं सगळीकडं लाल वायर वापरतात. मग सहा महिन्यांनी त्यांनाच ती ओळखू येत नाही.

वायरी मी हैद्राबादहून आणल्या. तेव्हा हिंगोलीहून पूर्णेपर्यंत छोटी लाइन होती, पुढं गाडी बदलायची. त्या गाड्यांच्या वायरीत तारा मोजायची पद्धत असे. दिव्याला १४ तारांची, जास्त ओढणाऱ्याला २८ ची, डायनामोच्या मुख्य वायरीला ४४ ची. दुकानदार हसला, म्हणाला, इतकं मोजत बसलात तर गाडी कधी चालवणार?

सगळं जोडलं, बटण दाबलं, तर उजवा हेडलाइट समईसारखा. बल्ब बदलला, तरी तेच. आता इथं हेराल्डचा स्वभाव सांगायला हवा. हिची बॉडी एकसंध नाही, पत्र्याचे वेगवेगळे भाग बोल्टांनी जोडलेले. करंटला परत जायची वाट पत्र्यातूनच असते आणि प्रत्येक बोल्टाखाली रंग किंवा गंज बसलेला असतो. त्यात हेडलाइट बसवलेले उघडणाऱ्या बॉनेटमध्ये. मी मीटरची एक सळई बॅटरीच्या बॉडीकडच्या टर्मिनलला, दुसरी दिव्याच्या वाटीला लावली आणि दिवे सुरू केले. काटा शून्याजवळ राहायला हवा होता, तो दोन व्होल्टाला जाऊन थांबला. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टावर ५ अँपिअर घेतो. वाटेत दोन व्होल्ट गळाले तर उजेड दोन आण्यांनी कमी होत नाही, जवळजवळ निम्मा होतो. मग बोल्टाखालचा पत्रा कागदानं पांढरा होईपर्यंत घासला, व्हॅसलीन लावलं आणि दोन्ही दिव्यांपासून चासीपर्यंत स्वतंत्र काळी वायर ओढली. उजवा दिवा असा लागला, की वाड्याच्या दिंडीवरचा जुना रंगही दिसला.

इंग्रज लोक या विजेच्या सामानाची थट्टा करतात. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं हे सामान. तिच्या एका जुन्या दिव्याचं नाव होतं ‘किंग ऑफ द रोड’, आणि लोकांनी मालकाला ‘अंधाराचा राजकुमार’ केलं. मला ही थट्टा पटत नाही. जळलेली पन्नासेक वायरिंग मी पाहिली असतील. त्यातली बहुतेक माझ्यासारख्या हातांनी जाळलेली होती. कारखान्यानं मात्र एक कंजूषपणा खरंच केला होता, तो म्हणजे फ्यूज. हेडलाइटच्या वायरीला तर तो दिलेलाच नव्हता. दिवे एकदम जाऊ नयेत हा विचार असेल, तरी मी दोन्ही दिव्यांना वेगवेगळे फ्यूज टाकले. एक गेला तर दुसरा राहील. बॅटरीजवळ हातानं फिरवायचा कट-ऑफ बसवला आणि बाईंना तो दहा वेळा फिरवायला लावला. त्या म्हणाल्या, “भाऊ, चुलीचा गॅस बंद करायचा तसंच ना?” तसंच.

पुढच्या महाशिवरात्रीला त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं. साहेब चालवत होते. औंढा येईपर्यंत मी फक्त नाकानं वास घेत होतो.

आता साहेब नाहीत. गाडी वाड्यातच आहे, पत्र्याच्या शेडखाली. नात पुण्याला असते, तिलाच चालवायची हौस आहे. ती येणार असली की बाई आठ दिवस आधी फोन करतात, मग मी बॅटरी चार्ज करून, पेटीवरचा ‘+’ बघून बसवतो. मागच्या खेपेला ब्रेकलाइट लागत नव्हता, त्यात तास गेला. हिरवी वायर मागच्या बुलेट कनेक्टरमधून सुटली होती, उंदरानं कुरतडली असावी. नातीनं आता विचारलंय की गाणी ऐकायला काही बसवता येईल का. मी म्हटलं, आजकालचा रेडिओ मायनस बॉडीला धरून केलेला असतो, इथं तो लावल्या क्षणी जाईल. गाडी उलटवायची तर कॉइलच्या वायरी बदलायच्या, डायनामोची दिशा बदलायची, एका दिवसाचं काम आहे. पण तो पेटीवरचा ‘+’ पुसावा लागेल, म्हणून अजून हो म्हटलेलं नाही.